एरिक व्हिटेकरचं ‘क्लाउडबर्स्ट’: पाऊस सोपा, कोरड कठीण

‘क्लाउडबर्स्ट’ला मराठी प्रतिशब्द ढगफुटी. पण या रचनेपुरता तो बाजूला ठेवलेला बरा. ढगफुटी म्हटलं की पूर आणि वाहून गेलेला रस्ता डोळ्यांपुढे येतो. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटेकरच्या या वृंदगानात आहे तो वळीव: भेगाळलेली जमीन, कोंडलेली हवा, मग टपटप, कडकडाट, आणि आला तसाच ओसरणारा पाऊस. साडेआठ मिनिटांच्या आसपासची ही रचना देशोदेशीच्या गायनवृंदांनी उचलली ती मुख्यतः त्या शेवटच्या सरीसाठी. गायक चुटक्या, टाळ्या आणि मांडीवरच्या थापांनी सभागृहात पाऊस पाडतात, ढगांच्या आवाजासाठी टांगलेले पत्रे गडगडतात, श्रोते खुर्चीत पुढे सरकतात. नेमकी इथेच संचालकांची फसगत होते. पाऊस दोन तालमींत कोणालाही पाडता येतो. रचना जमणार की आपटणार हे त्याआधीच्या कोरड्या भागात ठरतं, आणि तो भाग निम्म्याहून जास्त आहे.

थोडी पार्श्वभूमी. व्हिटेकर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातला, जन्म १९७०. लास व्हेगासच्या विद्यापीठात शिकत असताना एका हायस्कूलच्या गायनवृंदासाठी त्यानं हे लिहिलं, पहिला प्रयोग १९९२ चा. त्या सुमारास त्याच्या हाती मेक्सिकोचे कवी ऑक्टाविओ पास यांच्या कविता आल्या होत्या आणि वाळवंटी मुलखातला असा अचानक कोसळणारा पाऊस त्यानं नुकताच पाहिला होता. चुटक्यांचा पाऊस हा शेकोटीभोवती खेळायचा जुना खेळ. त्यानं तो उचलला आणि कामाला लावला. पहिल्या प्रयोगाचे गडगडाटाचे पत्रे शाळेच्याच इमारतीचे काढून आणलेले होते. हे सगळं ध्यानात ठेवायचं ते एवढ्यासाठी की रचना मुळात शाळकरी मुलांच्या आवाजांसाठी आहे. एकेकटी ओळ अवघड नाही. अवघड आहे ते सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून उभ्या राहणं.

मांडणी आठ भागांची: दोन सोप्रानो, दोन आल्टो, दोन टेनर, दोन बास. काही ठिकाणी भागांचेही पोटभाग होतात. जोडीला पियानो, हँडबेल्स म्हणजे हातात धरून वाजवायच्या घंटा, आणि तालवाद्यं. छापील स्कोअर, म्हणजे सगळ्या भागांची स्वरलिपी, वॉल्टन म्युझिक या प्रकाशनाचा. प्रत्येक गायकाला स्वतःची प्रत हवी. कायद्याचा मुद्दा आहेच, पण एका प्रतीत दोघांनी डोकावायचं म्हटलं तर पावसाच्या पानावर कोणाचे हात मोकळे राहायचे हा तंटा होतो. त्याबद्दल पुढे.

शब्द पास यांच्या ‘एल कान्तारो रोतो’ या कवितेतले. फुटलेली घागर असा त्याचा अर्थ. पास आपल्याकडे ओळखीचे आहेत ते १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते म्हणून, आणि १९९० च्या नोबेलमुळे. ही कविता त्याआधीची, १९५५ ची. १९५८ च्या संग्रहात आली. मूळ कविता वाचून स्कोअर उघडला की व्हिटेकरनं काय गाळलं ते ठळक दिसतं. कवितेतली कोरड नुसती पावसाची नाही. तिथे मेक्सिकोच्या रात्रीत चमकणारा हिरवट बेडूक आहे आणि सेम्पोआलाचा तो लठ्ठ सरदार, जो कधी मरतच नाही. म्हणजे दुष्काळाला सत्ता आणि लोभही जबाबदार आहेत, हे पास स्पष्ट म्हणतात. व्हिटेकरनं बेडूक आणि सरदार दोघांनाही बाहेर काढलं. उरली जळलेली माती, पाणी नाही का हा तिला विचारलेला प्रश्न, उघड्या डोळ्यांनी झोपायला आणि हातांनी स्वप्नं पाहायला सांगणाऱ्या ओळी, आणि गाण्याला मुळं, खोड, फांद्या फुटेपर्यंत गात राहा असा आग्रह. संगीताच्या दृष्टीनं ही काटछाट बरोबर ठरते, कारण नऊ मिनिटांच्या आतल्या वृंदगानाला एवढं राजकारण पेलत नाही. तरी कविता थोडी गोड झाली हे मान्य करावं लागेल. गायकांना पूर्ण कविता एकदा वाचायला द्यावी. जळलेल्या मातीला विचारलेला प्रश्न मग सुंदर लागण्याच्या नादात विरघळत नाही, त्याला धार येते. कार्यक्रमपत्रिकेत भाषांतर छापायचं असेल तर परवानगी घ्यायला हवी. पास १९९८ मध्ये वारले, तेव्हा हक्क अजून संपलेले नाहीत.

स्पॅनिश उच्चारांत मराठी तोंडाला चांगली सवलत आहे. इंग्रजी बोलणाऱ्या वृंदांचे निम्मे श्रम त आणि द दातांवर आणण्यात जातात. आपल्याला ते आयतेच मिळतात. क, प, त यांत हकाराची फुंकर नको, तीही आपण घालत नाही. ‘सुएञोस’ म्हणजे स्वप्नं, त्यातला ञ वर्णमालेत बसून आहे. ‘त्येर्रा’ म्हणजे माती, त्यातला दुहेरी र घोळवायला कोणाला शिकवावं लागत नाही. ‘एचे’मधला च ‘चहा’तला आहे, ‘चाक’मधला नाही, हे एकदा सांगितलं की पुरतं. चुका होतात त्या लिपीमुळे. रोमन अक्षरं पाहून लोक पावसाला ‘लुव्हिया’ म्हणतात. मेक्सिकोतला उच्चार ‘यूव्या’ असा, दोनच अक्षरांचा. ‘ओहोस’ म्हणजे डोळे. तिथे कोणी ‘ओजोस’ वाचतं. ‘आय के’ची सुरुवात मुक्या ह ने होते, तिथे ‘हे क्यू’ ऐकू आलं की स्पॅनिश जाणणारा श्रोता हसतो. ‘लुस’ म्हणजे प्रकाश, शेवटी स आहे, झ नाही. आणि आपली खास खोड: शब्दाच्या शेवटचा ‘आ’ अर्धवट सोडून देणं. ‘आग्वा’ दीर्घ स्वरावर संपतो तेव्हा शेवटचं तोंड उघडंच हवं. आठ भागांपैकी तिघांनी आ धरला आणि पाच जण अ वर घसरले, तर सूर बरोबर असूनही सगळ्यांचा मिळून आवाज गढूळ लागतो. गाण्याआधी एक पूर्ण तालीम फक्त शब्दांची, लयीत पण सुराशिवाय, घ्यावी. दोन शेजारचे स्वर स्पॅनिशमध्ये एकत्र मिसळतात, ती मिसळण तेव्हाच बसते.

आता मुद्द्याचा भाग. सुरुवातीला पियानो नाही. वृंद एकटा गातो, संथ, लांब श्वासाचं, आणि व्हिटेकरच्या लाडक्या स्वरगुच्छांत. षड्ज, ऋषभ, गंधार एका वेळी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वाजत राहिले तर कसं वाटेल, तसं समजा. शेजारी कोमल किंवा शुद्ध अंतरावर दुसरा सूर धरून उभा असताना आपला सूर सोडायचा नाही, ही यातली परीक्षा. एकाच पट्टीत, तंबोऱ्याच्या आधारानं गाणाऱ्या कानाला हे सुरुवातीला खुपतं. कान आपोआप जवळच्या सुराकडे ओढला जातो, दोन सूर मध्ये कुठेतरी भेटतात, आणि चकाकणाऱ्या गुच्छाच्या जागी एक मचूळ गोळा उरतो.

दुसरा धोका सूर उतरण्याचा. चार-पाच मिनिटं आधाराशिवाय, हळू आवाजात, एकाच सुरावर पुन्हा पुन्हा येत गायलं की बहुतेक वृंद उतरतात. पाव स्वर उतरले तर एरवी कोणाला कळत नाही. इथे कळतं, कारण पुढे हँडबेल्स येतात, मग पियानो, आणि या दोघांचा सूर हलत नाही. बेल वाजल्या क्षणी वृंद खाली आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही समजतं. सगळा पाऊस मग चुकीच्या जमिनीवर पडतो.

उपाय कंटाळवाणे आहेत पण लागू पडतात. गुच्छ कधीही एकदम उभा करू नये. आधी सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर धरायचा, ती चौकट स्थिर झाली की आतले सूर एकेक करून भरायचे. आतल्या सुरांना सांगायचं की तुमचा आवाज चौकटीपेक्षा किंचित कमी. कंप शून्याच्या जवळ. दोन शेजारच्या सुरांपैकी एकानं जरी आवाज हलवला तर त्यांच्यातलं अंतर पुसलं जातं. श्वास वेगवेगळ्या जागी घ्यायचे आणि प्रत्येकानं आपली जागा पेन्सिलीनं नोंदवायची. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला तर गुच्छाला भोक पडतं. स्वर पुन्हा लावताना तो वरून येतो आहे असं समजून लावायचा, खालून चढून नाही. आणि प्रत्येक तालमीत पहिला भाग संपला की तिथेच थांबून बेल वाजवून पाहायची. किती उतरलो ते कागदावर लिहायचं. तीन तालमींत आकडा कमी होत नसेल तर गायकांच्या जागा बदला. बहुधा एखाद्या रांगेत दोन अनिश्चित आवाज शेजारी आलेले असतात. काही संचालक लपवून हळूच सूर देणारं यंत्र पायाशी ठेवतात. त्यात लाज नाही, पण शांत जागी ते ऐकू जातं.

मधल्या काही जागी गायकाला ओळ दिली आहे आणि वेळ त्याच्यावर सोपवली आहे. प्रत्येकानं आपापल्या गतीनं म्हणायची. इथे मोकळीक मिळाली की सगळे नकळत शेजाऱ्याची लय पकडतात. मग कुजबुज न होता पाठांतराचा वर्ग भरतो. प्रत्येकाला सुरुवातीची वेगळी खूण द्यावी: कोणी लगेच, कोणी मनात तीन मोजून, कोणी पाच.

हँडबेल्स हा वेगळाच विषय. तांब्याचं आणि कथिलाचं मिश्रण, हाताच्या घामानं डाग पडतात, म्हणून हातमोजे घालून वाजवायच्या. आणि हातमोज्यात चुटकी वाजत नाही. म्हणजे बेल धरणाऱ्यांना पावसाच्या मोजणीतून वगळायला हवं किंवा चुटकीचा हात मोकळा ठेवायला हवा. बेल वृंदातल्याच गायकांनी वाजवणं सोयीचं, फक्त शांत भागात त्या कुठे ठेवायच्या ते ठरवा. उघड्या टेबलावर ठेवलेली बेल कोणाच्या बाहीला लागली की कोरड्या रानात देवळाची घंटा वाजते. तीन-चार इंच जाडीचा फोम किंवा दुहेरी घडीची घोंगडी पसरावी. बेल नसतील तर बदली वाद्य निवडताना सप्तकाकडे लक्ष द्या. हँडबेल लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक वर वाजते. सेलेस्टा, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांचं घंटेच्या आवाजाचं वाद्य, तीही तशीच, म्हणून ती जशीच्या तशी चालते. ग्लॉकेनश्पील, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या, मात्र दोन सप्तकं वर वाजतं. त्यावर बेलचा भाग तसाच वाजवला की चिरका होतो. सिंथेसायझरवर तर हमखास लिहिलेल्या सप्तकात वाजतं आणि भांडी वाजल्यासारखं लागतं. हा गोंधळ इतका सर्रास आहे की एखाद्या ध्वनिमुद्रणात बेल बसक्या वाटल्या तर आधी हाच संशय घ्यावा.

आणि आता पाऊस. चुटकीचा आवाज दोन बोटं घासण्यातून येत नाही. मधलं बोट अंगठ्यावरून सुटून तळव्यावर आदळतं, तो आवाज. २०२१ च्या एका अभ्यासात ही सगळी क्रिया साधारण ७ मिलिसेकंदांत होते असं मोजलं गेलं, डोळ्याची पापणी लवायला याच्या वीसपट वेळ लागतो. त्याच अभ्यासातली गायकांच्या कामाची गोष्ट म्हणजे घर्षण मधलं हवं. बोटं घसरडी असली तर ताण साठत नाही, फार चिकट असली तर सुटत नाहीत. हाताला क्रीम लावून आलेला आणि घाबरून घामेजलेला, दोघांची चुटकी मुकी होते. रुमाल खिशात असू द्यावा. हात अगदीच कोरडे असतील तर बोटांवर तोंडानं गरम श्वास सोडला तरी फरक पडतो. करंगळी आणि अनामिका तळव्याकडे दुमडल्या की पोकळी तयार होते आणि आवाज भरतो. ज्यांना चुटकी जमतच नाही, आणि दर वृंदात असे चार-पाच निघतात, त्यांनी एका हाताची दोन बोटं दुसऱ्या तळव्यावर टिचकावीत. दुरून फरक कळत नाही.

संख्या महत्त्वाची आहे. एकमेकांशी न जुळणारे आवाज दुप्पट केले की पातळी साधारण ३ डेसिबलनं वाढते. म्हणजे २० जणांचा पाऊस ८० जणांवर नेला तर ६ डेसिबल मिळतात. वीस जणांत थेंब मोजता येतात; चाळिसाच्या पुढे पाऊस वाटायला लागतो. यातच स्कोअरच्या फाइलचा प्रश्न येतो. एका हातात फाइल असेल तर एकच हात चुटकी वाजवतो आणि ३ डेसिबल तिथेच गेले. फाइल काखेत धरली तर खांदा आखडतो. सर्वांत बरं म्हणजे वादळाची पानं पाठ करणं. ते शक्य नसेल तर दोघांत एक स्टँड. साठ जण एकदम पान उलटतात तेव्हा वाऱ्याची झुळूक आल्यासारखं वाटतं. पण ती स्कोअरमध्ये नाही.

पाऊस बिघडतो तो एकाच कारणानं: लोक एका लयीत येतात. टाळ्यांवर २००० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानं हे नेमकं दाखवलं होतं. प्रेक्षक भरभर टाळ्या वाजवतात तेव्हा त्या विस्कळीत असतात. एकसाथ होतात तेव्हा प्रत्येकाचा वेग जवळपास निम्मा झालेला असतो. संथ गतीत माणसांच्या लयींमधला फरक कमी होतो आणि त्या जुळतात. याचा इथला अर्थ असा की धोका मुसळधार पावसात नाही. धोका पहिल्या तुरळक थेंबांत आणि शेवटच्या ओसरत्या थेंबांत आहे, जिथे चुटक्या संथ आहेत. तिथेच संचालकाचा हात लय देत राहिला तर खेळ खलास. हात ठोका न देता फक्त पसरायला हवा. गायकांना मोजायला सांगू नये, मनात एखादं गद्य वाक्य म्हणायला सांगावं आणि ठरावीक अक्षरावर चुटकी वाजवायला सांगावं. वाक्य प्रत्येकाचं वेगळं. गद्याला ताल नसतो, म्हणून थेंबांनाही येत नाही.

वाटप आधी करून ठेवा. ४८ जणांचा वृंद धरला तर सुरुवात तिघांनी, तीन वेगळ्या कोपऱ्यांत, दर चार-पाच सेकंदांनी एकेक चुटकी. मग नऊ, मग चोवीस, मग सगळे, आणि वेग आता प्रत्येकाच्या मर्जीचा. चुटक्या पुऱ्या भरल्या की मांडीवर थापा आणि टाळ्या. टाळी सपाट तळव्यांची नको, ती फटाक्यासारखी वेगळी उठते. चार बोटं दुसऱ्या तळव्यावर मारली की जाड थेंब पडतो, तळवे खोलगट केले की छपरावरची सर. ओसरताना हेच उलट्या क्रमानं. शेवटचे तीन गायक कोण ते नावानिशी ठरलेलं हवं. नाहीतर प्रत्येक प्रयोगात एखाद्याला शेवटची चुटकी आपलीच असावी असं वाटतं. श्रोत्यांना चुटक्या वाजवायला बोलवायची टूम मधून मधून दिसते. टाळावी. ते चार सेकंदांत एका लयीत येतात, आणि गाणं आहे हे विसरतात.

गडगडाटाचा पत्रा मोठा आणि पातळ हवा. चार फूट बाय आठ फूट, अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा बारा ते सतरा किलोंच्या दरम्यान भरतो, तेव्हा टांगणी त्या हिशेबानं करावी: वरची कड दोन लाकडी पट्ट्यांत बोल्टनं आवळून, मजबूत दोरानं आडव्या दांडीला. कडा चिकटपट्टीनं झाका आणि हलवणाऱ्याला चामडी हातमोजे द्या, कापलेली कड बोट चिरते. नवखा माणूस पत्रा भराभर झटकतो आणि पत्र्याचाच आवाज येतो. खालची कड धरून हळू, रुंद हेलकावा दिला की पोटातला गडगडाट उठतो. पत्रा बोलायला क्षणभर घेतो, म्हणून हालचाल संचालकाच्या खुणेच्या जरा आधी सुरू हवी. दोन पत्रे असतील तर मंचाच्या दोन टोकांना, शक्यतो पडद्याआड. एकाच वेळी दोन्ही कमाल जोरात हलवू नयेत. उत्कर्षबिंदूवर वृंद पूर्ण ताकदीनं गात असतो आणि पत्रा त्याला सहज गिळतो. बास ड्रमवर मऊ मुठीच्या काठ्या, लटकत्या झांजेवर लोकरी. या सगळ्यांची पातळी शेवटच्या रांगेत बसून कोणीतरी ठरवावी, मंचावरून ती कळत नाही. विजेसाठी दिवे लकाकवण्याचा मोह आवरावा. स्कोअर त्याशिवाय पुरेसा नाट्यमय आहे, आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा काहींना त्रास होतो.

रचनेचा दोष इथेच आहे. वादळ इतकं प्रभावी आहे की त्याखाली गायलेलं फारसं उरत नाही. गाण्याला मुळं फुटण्याच्या ज्या ओळींसाठी कविता निवडली, त्या ऐन गोंगाटाच्या तोंडावर येतात. श्रोत्याला बाहेर पडल्यावर चुटक्या आठवतात. तालवाद्यं एक पायरी खाली ठेवणारा संचालक हा दोष बराच झाकतो. पूर्ण झाकत नाही.

सभागृह निवडायची मुभा असेल तर घुमणाऱ्या उंच छताच्या वास्तूचा मोह होतो. गुच्छ तिथे फुलतात खरे, पण चुटक्यांचे थेंब एकमेकांत मिसळून नुसता फसफसाट होतो. अगदी कोरड्या नाट्यगृहात उलट: थेंब टपोरे, गुच्छ मेलेले. दीड ते दोन सेकंद आस राहणारी जागा दोन्ही सांभाळते.

ध्वनिमुद्रणांत स्टीफन लेटनच्या संचालनाखाली ‘पॉलिफनी’ या व्यावसायिक वृंदानं केलेलं, हायपेरियन कंपनीनं २००६ मध्ये काढलेलं, आधी ऐकावं. पहिल्या भागातले सूर कसे शेजारी शेजारी राहतात ते त्यातून शिकता येतं. पाऊस मात्र कोणत्याही ध्वनिमुद्रणात निम्माच पोचतो, कारण त्याची गंमत थेंब कुठून आला ते न कळण्यात आहे आणि दोन स्पीकर ते दाखवत नाहीत. २०१३ च्या टेड परिषदेतला प्रयोग वेगळ्या कारणासाठी पाहावा. मंचावर वृंद आणि २८ देशांतले ३२ गायक इंटरनेटवरून थेट जोडलेले. आवाज पोचायला होणारा उशीर व्हिटेकरनं लपवला नाही, रचनेतच सामावून घेतला. ठोक्यावर चालणारं गाणं असतं तर ते कोसळलं असतं. २००१ ची वाद्यवृंदाची आवृत्तीही आहे. शब्द गेल्यावर तिच्यात वादळ उरतं आणि कोरड हरवते.

घ्यावी कोणी? चाळीस किंवा जास्त गायक, प्रत्येक भागात निदान चार पक्के, आणि आधाराशिवाय पाच मिनिटं न उतरता राहण्याची सवय असलेल्या वृंदानं. आठ ते दहा तालमी धराव्या, त्यातल्या सहा फक्त पहिल्या भागाच्या. पाऊस शेवटच्या तीनमध्ये आणावा, नाहीतर मुलं दुसरं काही करायला तयार होत नाहीत. वृंद लहान असेल तर व्हिटेकरचीच १९९५ ची ‘वॉटर नाइट’ पाहावी: कवी तोच, पत्रे आणि बेल नाहीत, मात्र गुच्छ तितकेच दाट. नवशिक्यांसाठी कॅनडाचे आर. मरे शेफर यांची १९७१ ची ‘मिनिवांका’ जास्त सोयीची. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतले पाण्याचे शब्द, चित्रलिपीसारखा स्कोअर, पावसापासून समुद्रापर्यंतचा प्रवास, आणि सूर चुकल्याचं भय जवळजवळ नाही.

कार्यक्रमात ‘क्लाउडबर्स्ट’ मध्यंतराच्या लगेच आधी ठेवावी. शेवटच्या चुटकीनंतर संचालकानं हात चार-पाच सेकंद तसाच वर ठेवावा, नाहीतर टाळ्या पावसात मिसळतात. पत्रे उतरवायला, बेल फोमसकट उचलायला आणि स्टँड हलवायला दोन माणसांना दहा मिनिटं लागतात.